४५ किलोमीटर, २१ महिने: रशियन फौजेचा हिशेब

(दृश्य: दोनेत्स्क प्रांताचा नकाशा. दोन ठिपके उजळतात.)

पूर्व युक्रेनमधली ही दोन शहरं. आवदीव्का आणि पोक्रोव्स्क. सरळ रेषेत मोजलं तर दोघांमध्ये साधारण ४५ किलोमीटर. आवदीव्का रशियाच्या हाती पडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. पोक्रोव्स्क घेतल्याचा दावा मॉस्कोनं केला तो डिसेंबर २०२५ मध्ये. एवढ्या वाटेला २१ महिन्यांहून जास्त काळ लागला, आणि ती वाट सैनिकांच्या प्रेतांवरून गेली.

मग ही फौज जिंकतेय की हरतेय? या प्रश्नावर जगानं दोनदा घाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाटलं, कीव्ह तीन दिवसांत पडेल. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वाटलं, आता ही फौज संपली. दोन्ही अंदाज साफ चुकले.

(दृश्य: होस्टोमेलची धावपट्टी, जळालेली विमानशेड.)

२४ फेब्रुवारी २०२२. कीव्हच्या वेशीवरच्या होस्टोमेल विमानतळावर रशियन हेलिकॉप्टर्समधून छत्रीधारी सैनिक उतरले. बेत असा होता की धावपट्टी ताब्यात घ्यायची, मागून मोठी विमानं उतरवायची आणि थेट राजधानीत शिरायचं. सैनिक उतरले, पण युक्रेनच्या प्रतिहल्ल्यामुळे आणि तोफांच्या माऱ्यामुळे विमानं उतरूच शकली नाहीत. मग सगळा भार रस्त्यावर आला, आणि रस्त्यावर साठ किलोमीटरहून लांब ताफा अडकून पडला. डिझेल नाही, रसद नाही.

हे असं का झालं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट इथून निघते. रशियन फौजेची रसद रेल्वेवर चालते. रुळ आहेत तिथवर तिचा हात कुणी धरू शकत नाही. रुळ संपले की ट्रक लागतात, आणि ते कमी. तोफगोळ्यांच्या लाकडी पेट्या आजही बऱ्याच ठिकाणी माणसं हातानं चढवतात, हातानं उतरवतात. दुसरी उणीव माणसांची. २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर सैन्याची फेररचना झाली आणि बटालियन टॅक्टिकल ग्रुप नावाच्या सुटसुटीत तुकड्या आल्या. त्यांच्याकडे रणगाडे होते, तोफा होत्या; वाहनातून उतरून घराघरात लढणारं पायदळ मात्र अपुरं होतं. त्यात आपण युद्धावर निघालोय हे अनेक सैनिकांना आदल्या दिवसापर्यंत सांगितलंच नव्हतं.

मार्चअखेर फौज कीव्हभोवतून मागे फिरली. ती गेल्यावर कीव्हजवळच्या बुचा शहरात रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात नागरिकांचे मृतदेह सापडले. या सैन्याचं कोणतंही मूल्यमापन करताना बुचा वगळता येणार नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्हची आघाडी कोसळली. २१ सप्टेंबरला पुतिन यांनी ३ लाख राखीव माणसांची भरती जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये खेरसन शहर सोडावं लागलं.

(दृश्य: उपग्रहचित्र. शेतांमधून गेलेले खंदक, काँक्रीटचे सुळे.)

आणि इथून फौज शिकायला लागली. अमेरिकी हायमार्स रॉकेटांनी दारूगोळ्याची कोठारं उडवली, तशी ती आघाडीपासून मागे नेऊन विखुरली गेली. जनरल सुरोविकिन यांच्या काळात दक्षिणेत खंदकांच्या रांगा आणि सुरुंगांची दाट शेतं उभी राहिली. जून २०२३ मध्ये युक्रेनची पाश्चात्त्य रणगाड्यांनी सजलेली चढाई त्याच सुरुंगांत रुतली. पुढे जुन्या सोव्हिएत बॉम्बना पंख आणि दिशादर्शक जोडून ते दूरवरून सोडता येऊ लागले. आवदीव्का पाडण्यात त्यांचा मोठा हात होता. ड्रोनमध्ये सुरुवातीला युक्रेन पुढे होतं. मग रशियानं ऑप्टिकल फायबरची तार ओढत जाणारे ड्रोन मोठ्या संख्येनं आणले, जे रेडिओ संदेश अडवणाऱ्या जॅमरला दाद देत नाहीत. रुबिकॉन नावाचं खास ड्रोन दल उभं केलं. रशियातल्या तातारस्तान प्रांतातल्या कारखान्यात मुळच्या इराणी शाहेद ड्रोनचं उत्पादन सुरू झालं. ही प्रगती खरी आहे. तिला कमी लेखणाऱ्यांची किंमत युक्रेनच्या शहरांनी मोजली आहे.

पण शिकवणाऱ्यांचं काय झालं ते पाहा. खंदक उभारणारे सुरोविकिन वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीच्या बंडानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये पदावरून दूर झाले. ५८ व्या सैन्याचे प्रमुख जनरल पोपोव यांनी, माझ्या सैनिकांना विश्रांती द्या, शत्रूच्या तोफा शोधणारी साधनं द्या, असं वरिष्ठांना सुनावलं. त्यांना काढलं गेलं, आणि २०२५ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात ५ वर्षांची कैद झाली. जनरल स्टाफचे प्रमुख गेरासिमोव मात्र २०१२ पासून जागेवरच आहेत. खंदकातला सैनिक शिकतो, कारखाना शिकतो. पण खोटे अहवाल वर पाठवण्याची सवय तशीच आहे. माझ्या मते या फौजेचा सर्वांत खोल रोग हाच.

(दृश्य: बाखमुत. छत नसलेल्या इमारती.)

या सगळ्याची भरपाई माणसांनी केली. पूर्व युक्रेनमधल्या बाखमुत शहरासाठी वॅग्नरनं तुरुंगांतून हजारो कैदी आणले. आपली २० हजार माणसं तिथे मेली, असं खुद्द वॅग्नरचे प्रमुख प्रिगोझिन यांनीच सांगितलं. बंड झालं, दोन महिन्यांत प्रिगोझिन विमान अपघातात गेले, पण पद्धत सरकारी झाली. आता रणगाड्यांच्या चढाईऐवजी दोन-तीन जणांचे गट, कधी मोटारसायकलवरून, ड्रोनच्या नजरेखाली पुढे ढकलले जातात. बीबीसीची रशियन सेवा आणि मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ यांनी नावानिशी नोंदवलेल्या मृत रशियन सैनिकांचा आकडाच लाखाच्या पलीकडे गेला आहे. यात गरीब प्रांतांतले, कर्जात बुडालेले, चाळिशी-पन्नाशीतले पुरुष मोठ्या संख्येनं आहेत. मॉस्को शहरानं २०२४ मध्ये भरती होणाऱ्याला १९ लाख रुबल द्यायला सुरुवात केली. पैसा आहे तोवर रांग आहे.

काळ्या समुद्रात तर स्वतःचं धड आरमार नसलेल्या युक्रेननं एप्रिल २०२२ मध्ये रशियाची 'मोस्क्वा' ही ध्वजनौका बुडवली, आणि उरलेलं बरंचसं आरमार क्रिमियातल्या सेवास्तोपोलहून रशियातल्या नोव्होरोसीस्कला हलवावं लागलं. जून २०२५ मध्ये युक्रेनच्या ट्रकमधून सोडलेल्या ड्रोननी सायबेरियातली बॉम्बर विमानं पेटवली.

पुढे काय? २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञ बेलोउसोव यांना संरक्षणमंत्री केलं, यावरून क्रेमलिन लांब युद्धाची तयारी करतंय हे दिसतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे १३.५ लाख कोटी रुबल होते. सैनिकांची मंजूर संख्या १५ लाख. पण सोव्हिएत काळातला साठा ओसरत चाललाय. उपग्रहचित्रांत रणगाड्यांची आवारं रिकामी दिसतात, जुन्या तोफांच्या नळ्या काढून नव्यांना लावल्या जातात, उत्तर कोरियाकडून गोळे आणि माणसं दोन्ही घ्यावी लागली. हा साठा एकदाच वापरता येतो.

याची झळ आपल्यापर्यंत पोचते. एस-४०० या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या पाच संचांचा भारताचा करार २०१८ चा. युद्धामुळे त्यांची पोच लांबली. नाशिकजवळ ओझरला जोडली गेलेली सुखोई विमानं आणि आपले टी-९० रणगाडे सुट्या भागांसाठी अजून रशियाकडे पाहतात. नोकरीच्या आमिषानं नेलेले काही भारतीय तरुण त्याच आघाडीवर मारले गेले आहेत.

पुढच्या दहा वर्षांत रशिया ड्रोन आणि क्षेपणास्त्रं भरपूर बनवेल. फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी तेच गृहीत धरून तयारी चालवली आहे. तुकडी घडवणारे कॅप्टन आणि अनुभवी सार्जंट मात्र २०२२ मध्येच मोठ्या प्रमाणात मारले गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण मिळतं. त्या सप्टेंबरमधला भरतीचा हुकूमनामा रीतसर मागे घेतलेला नाही. तेव्हा नेलेल्यांपैकी जे जिवंत आणि धडधाकट आहेत, त्यातल्या बहुतेकांना घरी परतण्याची तारीख अजूनही कुणी सांगितलेली नाही.