काच, घंटा आणि पांढरा झगा

(काचेवर फिरणारा ब्रश, अगदी जवळून)

हा कडा नन्सच्या एका सिनेमासाठी काचेवर रंगवलेला आहे. खालची दरी, धुकं, पलीकडचं हिमशिखर, सगळं हातानं. मधे एक तुकडा काळा सोडायचा. माणसांचं चित्रीकरण वेगळं करायचं, ते नेमकं या काळ्या जागेत बसवायचं. कड्याच्या टोकाशी घंटेचा दोर धरून नन उभी! प्रत्यक्षात पायाखाली स्टुडिओची जमीन.

1947चा ‘ब्लॅक नार्सिसस’. गोष्ट हिमालयातल्या कॉन्व्हेंटची, म्हणजे नन्सच्या मठाची, पण युनिट हिमालयाकडे फिरकलंच नाही. इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत चित्रकार पर्सी डे आणि त्यांच्या माणसांनी डोंगर रंगवले. छायालेखक जॅक कार्डिफ डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्रांतला उजेड डोळ्यांसमोर ठेवून दिवे लावायचे. त्यांना ऑस्कर मिळालं. भयपटांच्या याद्यांत हा सिनेमा सहसा नसतो. आमच्या मते मठातली भीती इथेच घडली.

(‘ब्लॅक नार्सिसस’मधली नन, सिस्टर रूथ, हिचा चेहरा)

ननच्या वेषात केस, कान, मान सगळं झाकलेलं. कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो कपाळ ते हनुवटी एवढाच चेहरा. आता रूथ वेष उतरवते आणि लिपस्टिक लावते.

(निवेदन नाही. शॉट पूर्ण चालू द्यावा.)

पोलंड, 1961. दिग्दर्शक कावालेरोविच यांच्या ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’मध्ये रंगही नाहीत. उघडं माळरान, त्यावर पांढरे झगे. मग 1971चा ‘द डेव्हिल्स’. जुनं गाव म्हणजे काळपट दगड, हा संकेत नेपथ्यकार डेरेक जार्मन यांनी मोडला. त्यांचं गाव नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखं लख्ख. लपायला सावलीच नाही.

दोन्ही सिनेमांमागे फ्रान्समधल्या लुदँ गावची एकच खरी घटना. 1632 साली तिथल्या उर्सुलाइन पंथाच्या नन्सना सैतानानं झपाटल्याची हाकाटी झाली. लोकांसमोर भूत उतरवणं चाललं. उर्बँ ग्रांदिए या धर्मगुरूंवर चेटकाचा ठपका ठेवून त्यांना 18 ऑगस्ट 1634 रोजी जिवंत जाळलं.

(‘द नन’, 2018)

काळोख, शांतता, कोपऱ्यातून एकदम चेहरा. जगभरात 36 कोटी डॉलरच्या वर गल्ला. दचकलो, कबूल. पण त्या कोपऱ्यात पुन्हा बघावंसं वाटत नाही.

(पुन्हा काच)

कड्याच्या कडेचा रंग अजून ओला आहे. ब्रश बारीक घ्यावा लागतो. दोराच्या सावलीसाठी एकच रेघ.

(घंटा)