आधी बाटली, मग लोगो: ब्रँड व्हिडिओ एडिट करताना

[स्क्रीनवर: टेबलावर चालू लॅपटॉप. कुणीतरी पाण्याने भरलेली बाटली त्याच्यावर उलटी धरतं. क्लिप तिथेच थांबते.]

पुढे काय होतं ते दाखवतो. पण आधी याच शूटची दुसरी फाइल बघा.

[स्क्रीनवर: पांढरा पडदा. लोगो गोल फिरत येतो, चमकतो, खाली टॅगलाइन उमटते.]

लोगोनंतर बाटली तीच, कॅमेरा तोच. पहिली फाइल बघताना तुमचा अंगठा क्षणभर तरी थांबला असेल. दुसरीत लोगो जागेवर बसेपर्यंत तुम्ही पुढच्या रीलवर पोचला असतात. आणि क्लायंटकडून हमखास येणारी मागणी कुठली? दुसरी! "सुरुवातीला लोगो हवाच." आपल्या पैशाने व्हिडिओ बनतोय तर आपलं नाव आधी दिसावं, असं त्याला वाटणारच. पण स्क्रोल करणाऱ्या माणसाला अजून त्या नावाशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून मी एडिटला बसलो की एकच गोष्ट धरून बसतो. ब्रँड दिसायला हवा, पण कशाचं तरी उत्तर म्हणून. म्हणजे आधी बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न उभा करायचा, आणि तो उभा राहतो टाइमलाइनवर, म्हणजे शॉट एकापुढे एक लावायच्या पट्टीवर.

चला, टाइमलाइन उघडू. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, कॅपकट, एडिटिंगचं जे सॉफ्टवेअर हाताला सवयीचं असेल ते घ्या.

कच्च्या फुटेजचा क्रम असा आहे: हात येतो, बाटली उचलतो, झाकण घट्ट करतो, बाटली लॅपटॉपवर नेतो, उलटी करतो, हलवतो, परत ठेवतो. याच क्रमाने लावलं तर बाटली कशी वापरावी याचं प्रात्यक्षिक होईल, बाकी काही नाही. मी सुरुवात करतो बाटली उलटी होण्यापासून. त्यातही हात स्थिर झाल्यावर नाही. मनगट वळतंय, तिथेच पहिली फ्रेम. हालचालीच्या मधोमध सुरू झालेला शॉट बघताना वाटतं, अरे, काहीतरी आधीच चालू आहे.

आता दुसरा शॉट. सगळ्यांचा हात झाकणाच्या क्लोजअपकडे जातो. थांबा. आधी लॅपटॉपच्या मालकाचा चेहरा लावा.

का, ते सांगतो. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सुपाचा वाडगा, कधी शवपेटी, कधी एक स्त्री, असे शॉट जोडले. प्रेक्षकांनी म्हणे नटाचं कौतुक केलं: काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय! चेहरा मात्र तोच होता. या प्रयोगाचे तपशील वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले जातात, पण ती करामत आजही रोज कामाला येते. उलट्या बाटलीनंतर चेहरा लावला, तर माणूस घाबरलेला दिसतो. लोगोनंतर तोच चेहरा लावून बघा. माणूस पैसे घेऊन बसलेला दिसतो!

आणि आता बाटली.

[स्क्रीनवर: बाटली जोरात हलते. कीबोर्ड कोरडा. बाटलीवरचं नाव फ्रेमभर.]

एक थेंबही नाही. आणि नाव? बाटलीवरच छापलेलं आहे. हा शॉट बाकीच्यांपेक्षा थोडा लांब ठेवा, नाव वाचून होईल इतका. वेगळं ग्राफिक लागतच नाही. मात्र लेबल कॅमेऱ्याकडे वळवून धरायचं, हे शूटच्या दिवशीच सांगून ठेवा. पाठमोऱ्या बाटलीला एडिटर काही करू शकत नाही.

आवाजाचं काम इथे मजेशीर आहे. झाकण घट्ट होतानाचा 'कर्र' चेहऱ्याच्या शॉटवरच सुरू करा, झाकण नंतर दिसू दे. याला 'जे-कट' (J-cut) म्हणतात. कान आधी पुढे जातो आणि डोळा त्याच्या मागे ओढला जातो. चढं संगीत टाकून हा 'कर्र' बुजवू नका, अख्ख्या व्हिडिओतला सगळ्यात खरा आवाज तोच आहे.

अर्थात बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. त्यामुळे पडद्यावर कॅप्शन हवीतच, एका वेळी दोन ओळींच्या वर नाही. मराठी कॅप्शनला एक जादा त्रास आहे: वेलांटी भलतीकडे सरकते, जोडाक्षरं फुटतात. प्रीमियरमध्ये असं झालं तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये (सेटिंगमध्ये) साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा. 'स्वच्छ'चं 'स्‌वच्‌छ' झालेला व्हिडिओ ब्रँडच्या नावाने फिरतो, एडिटरच्या नाही, आणि फोन मात्र एडिटरलाच येतो.

फ्रेम उभी, १०८० बाय १९२० पिक्सेल. खालचा पट्टा आणि उजवी कड मोकळी सोडा. तिथे अकाउंटचं नाव, वर्णन आणि बटणं येतात. लोगो कोपऱ्यात हवाच असेल तर लोक नेमका खाली उजवीकडे सुचवतात. तिथे तो शेअरच्या बटणाखाली झाकला जातो. वर डावीकडे ठेवा, पण त्याआधी त्या त्या ॲपमध्ये तपासा.

गाण्याचं पटकन सांगतो. एखादं गाणं ॲपमध्ये सापडतं म्हणून ते ब्रँडसाठी वापरता येतं असं नाही. व्यावसायिक वापराचा परवाना वेगळा असतो. तो नसेल तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढला जाऊ शकतो. भारतात टिकटॉकवर २०२० पासून बंदी आहे, पण बाहेरच्या देशात टिकटॉकवर टाकत असाल तर तिथे व्यावसायिक वापरासाठी वेगळी म्युझिक लायब्ररी आहे, ती वापरा. आणि क्रिएटरने पैसे घेऊन व्हिडिओ केला असेल तर इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल, यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण. यात टाळाटाळ नको.

आता क्लायंटला पटवायचं कसं? वाद घालू नका, दोन कट, म्हणजे व्हिडिओच्या दोन आवृत्त्या पाठवा: एक त्याच्या मनासारखा, एक तुमचा. शक्य असेल तर दोन्ही चालवून बघा आणि रिटेन्शनचा आलेख उघडा, म्हणजे किती जण कुठपर्यंत बघत राहिले ते कळेल. लोगोवाल्या कटची रेघ सुरुवातीलाच घसरलेली दिसली, तर बोलायचं काम तोच आलेख करेल. दोन्हीची रेघ सारखीच आली, तर लोगो राहू दे, काही बिघडत नाही. फाइल मात्र ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली की दाबली जाऊन धूसर होते, आणि मग "क्वालिटी का खराब आहे?" यावरच अर्धा दिवस जातो.