पांढऱ्या रंगाखालची अक्षरं

(दृश्य: गॅरेजचं आवार, सकाळ. कॅमेरा बॉनेटवर.)

बॉनेटकडे नीट बघा. रुग्णवाहिकेची अक्षरं आम्ही कधीच खरवडून काढली, तरी सकाळचं तिरपं ऊन पडलं की पुन्हा दिसतात. तीही उलटी, पुढच्या गाडीच्या आरशात सुलटी वाचता यावीत म्हणून. स्टिकरखाली इतकी वर्षं झाकलेला रंग बाकीच्या रंगापेक्षा पांढरा राहिलाय.

ही 2004 सालची टेम्पो ट्रॅव्हलर. कंपनी तेव्हा 'बजाज टेम्पो' होती, पुढच्या वर्षी 'फोर्स मोटर्स' झाली. मूळ आराखडा मर्सिडीजच्या 1977 सालच्या टी-वन व्हॅनचा आणि इंजिनाचं खानदानही तिकडचंच, पण कंपनी आपल्या आकुर्डीची. तालुक्याच्या गावी रुग्णवाहिका म्हणून राबली, मग एका शेडमध्ये कोंबड्यांच्या सोबतीनं पडून राहिली. आम्ही नवरा-बायकोनं ती फिरतं घर करायला घेतली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यात झोपणार तुम्ही?" प्रश्न रास्त होता. उत्तर नव्हतं, म्हणून फिनेल आणलं आणि धुवायला घेतली.

(दृश्य: गाडीखाली पत्र्यावर झोपलेला मेकॅनिक. फक्त पाय दिसतात.)

हे पाय मामांचे. भोसरीत त्यांचं गॅरेज आहे आणि सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी पडद्यांच्या कापडाचे नमुने घेऊन गेले होते. त्यांनी ते हातातही घेतले नाहीत.

"ताई, पडदे दिवाळीला. आधी ही थांबते का ते बघू."

ती थांबत नव्हती. मागच्या चाकांतले ब्रेक दाबणारे दोन्ही व्हील सिलेंडर गंजलेले, ऑइल झिरपून ब्रेक लायनर ओले. उभ्या गाडीतलं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि सिलेंडर आतून खातं. सिलेंडर, होज, मास्टर सिलेंडरचं किट असं सगळं नाना पेठेतून आणलं. पहिल्या महिन्याचे पैसे तिथेच संपले. व्हिडिओत दाखवण्यासारखं मात्र काहीच झालं नव्हतं.

इंजिन सकाळी चालू व्हायला रडायचं आणि झालं की पांढरा धूर. मला वाटलं, गेलं इंजिन. मामांनी चारही हीटर प्लग काढले. एकेक पकडीत धरला, बॅटरीची वायर लावली. पहिला टोकाकडून हळूहळू लाल झाला, अगदी चुलीतल्या काडीसारखा. दुसरा थंड. तिसरा थंड. चौथा कसाबसा. या जुन्या डिझेल इंजिनात हवा आधी एका छोट्या कप्प्यात तापवावी लागते, तेव्हा कुठे डिझेल पेट घेतं. चारातले दोन प्लग मेलेले, म्हणजे अर्धं इंजिन गारठलेलंच. चार नवे प्लग बसवले, डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले. बाकी इंजिनाला हात लावावा लागला नाही.

(दृश्य: आतली लादी उचकटलेली. स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यात आरपार.)

खरं दुखणं लादीखाली होतं. स्ट्रेचर सरकायचं त्या रुळाचे बोल्ट थेट पत्र्यातून आरपार गेलेले. प्रत्येक फेरीनंतर गाडी धुवायची, जंतू मारायला हायपोक्लोराइट टाकायचं, आणि ते पाणी बोल्टाच्या भोकांतून प्लायवूडच्या खाली. वरचं व्हिनाइल कसं, दवाखान्यासारखं स्वच्छ! खालच्या पत्र्याची चाळण झालेली. बोटानं दाबलं तर पापडासारखा तुकडा हातात यायचा. मामा आत वाकून बघत म्हणाले, "जेवढी निगा राखली तेवढी सडली बघा."

सडकं कापून नवा पत्रा वेल्ड केला, प्रायमर, मग खालून अंडरकोटिंग. नवी लादी बसवताना एकही बोल्ट सीलंटशिवाय घातला नाही.

मात्र रुग्णवाहिकेनं दिलंही खूप. छत उंच, त्यामुळे आत सरळ उभं राहता येतं. खिडक्यांची खालची अर्धी काच धूसर, म्हणजे पडद्यांचा प्रश्नच मिटला (ते नमुने अजून कपाटात आहेत). छताला धरायचा दांडा, त्यावर सलाइनचे दोन आकडे. एकावर कंदील असतो, दुसऱ्यावर केळ्यांचा घड. ऑक्सिजनच्या सिलेंडरचा कप्पा बाहेरून उघडतो. त्यात आता पाच किलोचा गॅस सिलेंडर उभा आहे. फक्त कप्पा आतल्या बाजूनं बंद केला आणि तळाशी जाळी ठेवली. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळलाच तर खाली साचतो, तो रस्त्यावर जायला हवा, आमच्या अंथरुणात नको.

विजेचं मात्र पुन्हा पहिल्यापासून. जुन्या वायरिंगला जोडावर जोड, वर चिकटपट्टी, तीही वाळून सुटलेली. सायरनची वायर कुठून कुठे जाते ते शोधताना वायरमनची अख्खी दुपार गेली. सगळं उपसलं. छतावर 165 वॅटची दोन सोलर पॅनल, आत 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास साठा. छोटा फ्रिज, पंखा, दिवे आणि फोन त्यात आरामात भागतात. इंडक्शन चालवू का, असं यांनी विचारलं. 2000 वॅटची शेगडी 12 व्होल्टवर चालवायची तर 166 अँपिअर करंट ओढणार! वायरमन हसला. चहा गॅसवरच होतो.

(दृश्य: आरटीओच्या कागदांची फाइल.)

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण आम्ही क्रम चुकवला असता. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायचा तर आधी परवानगी, मग करवत. सायरन आणि छतावरचा दिवा उतरवणं सक्तीचंच. रंग बदलला तरी आरसीत नोंद. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. चकरा किती झाल्या ते विचारू नका.

रंग आम्हाला बदलायचा नव्हता खरं तर. पांढरा छान होता. पण चाचणीला गाडी घाटात काढली, तर मागे आरशात आम्ही दिसलो की बाईकवाले घाईनं कडेला व्हायचे, एसटीसुद्धा दबली. आणि आमची स्वारी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये! एक रिक्षावाला तर थांबून, हात करून वाट देत राहिला. आम्ही त्याच्याजवळ पोचेपर्यंत त्याचा हात अवघडला असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी आपल्यासाठी वाट सोडायची आणि आपण चाललो कुठे, तर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला खिचडी करायला.

आल्याबरोबर मामांना सांगितलं, रंग बदला.

(दृश्य: गाडी आता मातकट हिरवी. मागचं दार उघडं, बाहेर पाऊस.)

आरसीत नोंद झाल्यावर पहिल्या मुक्कामाला रात्रभर पाऊस लागला. लादी कोरडी राहिली. मी तीनदा उठून, बॅटरी मारून, रुळांच्या जुन्या जागा चाचपल्या. पाणी आलं ते मागच्या दाराच्या रबरातून, उजव्या कोपऱ्यात, उशीवर. ते रबर जुन्या बाजारात मिळतं का ते बघायला येत्या रविवारी जायचंय.