ओतलेला रंग, कोरं कापड

रंग ओतायचा म्हटलं की पहिलं नाव अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं निघतं. पण त्याच्या गाजलेल्या चित्रांत रंग बहुतेक कॅनव्हासच्या वर बसलेला असतो. हात फिरवला तर बोटांना लागेल असा. मला बोलायचंय ते कापडात मुरलेल्या रंगाबद्दल.

ऑक्टोबर १९५२. चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर, वय २३. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा किनारा बघून न्यूयॉर्कला परतलेली. साधारण ७ बाय १० फुटांचा कॅनव्हास तिनं जमिनीवर अंथरला, तोही अस्तर, म्हणजे रंगाआधीचा लेप, न लावता. एरवी अस्तर रंगाला वर धरून ठेवतं. इथं कोळशाच्या चार रेषा मारून तिनं टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग ओतला आणि कापडानं तो पिऊन टाकला. तेच 'माउंटन्स अँड सी'. नीट बघा, गुलाबी-निळ्या डागांभोवती तेलाची पिवळसर कड पसरलेली दिसते, भज्यांच्या कागदावर पसरते तशी. दिसायला छान, पण उघड्या कापडाला तेल कालांतराने खातं. पुढे ती अॅक्रिलिक या तेल नसलेल्या रंगाकडे वळली.

पुढच्याच वर्षी समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी वॉशिंग्टनच्या मॉरिस लुईस आणि केनेथ नोलँड या चित्रकारांना हे चित्र दाखवलं. लुईस तेव्हा चाळिशीचा, नाव म्हणावं असं काही नाही. तो वापरायचा मॅग्ना. हा अॅक्रिलिक रंग, पण पाण्यात नव्हे, टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा. त्यामुळे पातळ केला तरी त्याचा तजेला टिकतो.

आता त्याच्या 'व्हेल' (veil, म्हणजे झिरझिरीत पडदा) मालिकेकडे या. लांबून सगळं तपकिरी, धुरकट वाटतं. पण कडेला नजर न्या. तिथं नारिंगी, हिरवा, निळा असे मूळचे रंग जिभेसारखे बाहेर आलेले दिसतील. एकावर एक ओघळ सोडून त्यानं तो तपकिरी घडवलाय. ‘रंग काय, कुणीही सांडेल’ म्हणणाऱ्यांनी ही कड बघावी. कापड किती सैल ठेवायचं, उतार कुठे द्यायचा, रंग किती पातळ करायचा, हे ओतण्याआधीच ठरवावं लागतं. ओतल्यावर हात घालायला वाव फारसा नाही. स्वतःच्या कामाबाबत तो कडकही होता: १९५५ ते ५७ मधली बहुतेक चित्रं त्यानं नष्ट केली.

तो काम कसं करायचा, हे मात्र कुणी पाहिलं नाही. बायको नोकरीवर गेली की घरातल्या जेवणाच्या खोलीत हा सुरू. खोली जेमतेम १२ बाय १४ फुटांची, आणि १९६०-६१ ची 'अनफर्ल्ड' (उलगडलेली) चित्रं कधी १४ फुटांहून रुंद! दोन्ही बाजूंनी रंगांचे ओघळ तिरके खाली येतात, मधला सगळा कॅनव्हास कोरा. मला विचाराल तर धाडस त्या कोऱ्या भागात आहे. एवढं मोठं कापड त्या खोलीत पूर्ण पसरताही येत नव्हतं. म्हणजे एका बाजूचा ओघळ सोडताना दुसरी बाजू त्याला मनातच धरावी लागली असणार.

१९६२ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. यातली बरीच चित्रं तेव्हा गुंडाळूनच पडलेली होती.