ग्रीनिचला चुकलेला एक तास

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की लंडनच्या विज्ञान सहलीवर बोला, पण नऊ दिवसांचं सगळं सांगत बसलो तर तुम्ही चहाला उठून जाल, म्हणून फक्त शेवटचा दिवस सांगतो. त्यात माझीच फजिती आहे, त्यामुळे तुम्हाला आवडेल.

मे महिना होता, रात्री विमान, बॅगा हॉटेलात ठेवल्या आणि पोरांना घेऊन ग्रीनिचच्या टेकडीवर गेलो. तिथल्या वेधशाळेच्या छतावर एक लाल बॉल आहे, 1833 पासूनचा. एकला पाच मिनिटं कमी असताना तो दांड्यावर अर्धा चढतो, दोन मिनिटं राहिली की टोकाला जातो आणि एकच्या ठोक्याला खाली. थेम्समधली जहाजं त्यावर घड्याळं लावायची, कारण समुद्रात वेळ चुकली की रेखांश चुकतो. हा बॉल बघायचाच असं मी पोरांना नऊ दिवस सांगून ठेवलेलं.

फाटकाच्या भिंतीत 24 तासांचं घड्याळ आहे, त्यात बारा खाली असतात. मी वाचलं, पावणेबारा. एका पोरीने घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलेलं, ती म्हणे सर सव्वापाच झाले. मी लगेच साडेपाच तास वजा केले, पावणेबारा, ताळा जुळला! म्हटलं चला रे, सव्वा तास आहे, हिरवळीवर बसून केळीच्या वेफर्सचं शेवटचं पाकीट फोडू.

आता गंमत अशी की ते घड्याळ बारा महिने ग्रीनिचची वेळ दाखवतं, आणि उन्हाळ्यात अख्खं इंग्लंड तासभर पुढे असतं. म्हणजे खरे पाऊण वाजले होते. मोबाईल खिशात, पण जगाला वेळ सांगणारं घड्याळ समोर असताना मोबाईल कोण बघतो हो?

बॉल गेला तो गेलाच. मग शून्य रेखांशाच्या पट्टीवर फोटो काढायला रांग लावली, 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने शून्य मानलेली हीच ती रेषा. तिथे एका पोराने मोबाईलवर जीपीएस लावलं तर आकडा शून्य नाही, 0.0015 पश्चिम! सर, रेषा चुकली भो! रेषा चुकलेली नाही. ही रेषा ज्या जुन्या दुर्बिणीवरून ठरली, ती उभी सरळ लावायला पारा वापरायचे, आपल्या गवंड्याच्या ओळंब्यासारखंच काम, आणि ओळंबा जमिनीखालच्या वस्तुमानाने किंचित कलतो. जीपीएस हिशोब धरतं पृथ्वीच्या केंद्रापासून. त्यामुळे त्याचं शून्य 102 मीटर पूर्वेला, तिकडे बागेत. पोरं पळाली तिकडे. तिथे ना पट्टी ना रांग.

परत बसमध्ये एकाने विचारलं, आपली रेषा कुठेय? आणि मला तेव्हा सुचलं, त्याआधी खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, की आपल्या जुन्या ज्योतिषांची शून्य रेषा लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी जायची, भास्कराचार्यांनीही तीच मानलीय. उज्जैनचा रेखांश साधारण 75.78, आणि भुसावळचाही जवळपास तेवढाच! म्हणजे जंक्शनवर गाडीची वाट बघत उभे असता ना, तेव्हा तुम्ही त्या रेषेवरच असता, थोडं इकडे नाहीतर तिकडे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, आपण पाटणादेवीला जातो, दर्शन घेतो, वडापाव खातो आणि परत येतो.

आपलं भारताचं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावरच्या वेळेने, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नाही, सरासरी 27 मिनिटं उशिरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात एक पाइप सरळ उभा करून बघा, एक दिवस असा येतो की सावली नाहीशीच होते, पण साडेबाराच्या थोडं आधी, बाराला बघाल तर माझ्यासारखे फसाल.

आणि तो बॉल. मी तो अजून पडताना पाहिलेला नाही. भारताच्या वेळेचं घड्याळ घातलेली ती पोरगी वेफर्स खाता खाता सहज वर बघत होती, एकटीने पाहिला, आणि बसमध्ये बसेपर्यंत बोलली नाही. म्हणे सर, तुम्ही म्हणालात ना सव्वा तास आहे, मला वाटलं ट्रायल चाललीय. ती बघा, शेवटच्या रांगेत हसतेय. कसा पडतो ते तिलाच विचारा.