मंदीत वीज स्वस्त होते, मग बिल का उतरत नाही?

(वणी तालुक्यातील एका गावात वाचनालयाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गावात पाय ठेवल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. कापसाचं जिनिंग चालवणारे एक गृहस्थ तर बिलच घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, जिन बंद हाये, मशीन फिरली नाई, मंग हे बिल कायचं?" मी बिल पाहिलं. युनिटच्या रकान्यात किरकोळ आकडा, ऑफिसातल्या दिव्या-पंख्याचा. पण त्याच्याच शेजारी मागणी आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा, जोडणीसाठी भरावीच लागणारी रक्कम, आणि ती चांगलीच जड. घरगुती बिलात याच जातीची ओळ 'स्थिर आकार' या नावानं येते. आज मला त्या एका ओळीवर बोलायचं आहे.

आधी बाजाराचं सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरात देशाची विजेची मागणी आधीच्या वर्षीपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी घटली, महाराष्ट्रात तर वीस टक्क्यांच्या वर. पाऊस लांबला होता, त्यामुळे शेतातल्या पंपाच्या मोटारी बंद होत्या हे खरं, पण कारखानेही मंदावले होते. मग २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि एप्रिलमध्ये देशाची मागणी वीस टक्क्यांहून जास्त कोसळली. वीज बाजारात, म्हणजे जिथे उद्याची वीज आज विकली जाते तिथे, युनिटचा सरासरी भाव अडीच रुपयांच्या आसपास आला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये लोकांच्या हातात काय पडलं? रीडिंग बंद असल्यामुळे साचलेली, एकदम आलेली बिलं. माणसं घरात बसून होती, कूलर दिवसरात्र चालू होते, म्हणून युनिटही वाढलेले. बाजारात वीज मातीमोल झालेली आणि आपल्या दारात बिलाचा भडका.

असं का होतं? आपल्याकडचा शेतकरी गुढीपाडव्याला सालदार ठेवतो. साल ठरलं की ठरलं. पाऊस पडो न पडो, कापूस होवो न होवो, त्याचं साल द्यावंच लागतं, आणि द्यायलाच हवं, कारण तो वर्षभर आपल्यासाठी हजर असतो. रोजमजूर मात्र कामापुरता येतो, मजुरीही कामाच्या मानानं वरखाली होते. महावितरणची बहुतेक वीज सालदारीची आहे. वीज केंद्राशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार. केंद्र चालायला तयार आहे एवढं सिद्ध झालं की त्याचा स्थिर आकार द्यायचा, वीज घ्या किंवा घेऊ नका. कोळशाचे पैसे तेवढे घेतलेल्या युनिटप्रमाणे. केंद्राच्या या स्थिर आकाराचाच वाटा तुमच्या बिलातल्या त्या ओळीत येतो. मंदीत स्वस्त झाली ती रोजाची वीज. साल तेवढंच राहिलं, आणि ते वाटून घ्यायला युनिट कमी उरले.

महाराष्ट्रानं हा धडा एकदा फार महागात घेतला आहे. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज मंडळाला त्या भावात तेवढी वीज परवडत नव्हती, पण करारातला आकार चुकत नव्हता, तोही डॉलरशी बांधलेला. २००१ मध्ये खरेदी थांबली. तोवर मंडळाचं कंबरडं मोडलं होतं.

आता आपल्या भागाकडे या. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं. कोराडी, खापरखेडा, पारस, खासगीतलं तिरोडा, सगळी विदर्भात. कोळसाही बराचसा आपल्या वणी, माजरी, बल्लारपूरच्या खाणींचा. राख, धूळ आपली. मागणी घटली की महागड्या कोळशाचे वीज बनवणारे संच आधी खाली आणतात किंवा बंद ठेवतात. अर्ध्या भारावर चालणारा संच युनिटमागे कोळसा जास्त खातो. म्हणजे मंदीत इंधनाची बचतही पुरती पदरात पडत नाही.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. उद्योग आणि दुकानं खर्चापेक्षा जास्त दर भरतात, त्यातून शेतीचा आणि लहान घरगुती ग्राहकाचा दर खाली राहतो. मंदीत आधी बंद होतो तो कारखानाच. जास्त भरणारा गेला, पण शेताची गरज जात नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं ते द्यावंच लागतं, कापसाचे भाव पडोत की देशाचा विकासदर. उलट भाव पडले की दुसरं पीक काढायलाच हवं, म्हणून ओलितावर भर वाढतो. शेतकऱ्याची मागणी मंदीत घटत नाही, हे मुंबईत बसून अंदाज बांधणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि वीज शिल्लक असतानाही आमच्या माणसाला रात्रीच्या पाळीत, साप-विंचवाच्या अंधारात मोटर सुरू करायला का जावं लागलं? वीज होती, पण वाहिनी, डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, आणि सब-स्टेशन तोकडं होतं. वीज केंद्रांवर पैसा लागला, गावच्या तारेवर लागला नाही.

२०२० मध्ये दिलासा दिला गेला, नाही असं नाही. विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगानं उद्योग-व्यापाऱ्यांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. ढकलला, माफ केला नाही. केंद्र सरकारनं वितरण कंपन्यांसाठी ९० हजार कोटींची सोय केली, पण ते कर्ज होतं, म्हणजे व्याजासकट ग्राहकाच्याच दरात परत येणारं.

आता कुणी म्हणेल, करारच नकोत, सगळी वीज रोजाची घ्या. मी तसं म्हणणार नाही. मागणी परतली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात कोळशाची टंचाई झाली. २०२२ च्या मार्चमध्ये बाजारभाव युनिटला २० रुपयांपर्यंत गेला आणि एप्रिलपासून १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली. त्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे सालदार नव्हता त्याची काय गत झाली असती? करार हवेत. पण किती हवेत हा अंदाज कुणी तरी बांधतो, आणि तो चुकला तर भुर्दंड अंदाज बांधणाऱ्यावर पडत नाही, वीज विकणाऱ्यावर पडत नाही, सगळा तुमच्या बिलात येतो. माझा आक्षेप इथे आहे. काही वाटा त्यांनीही उचलावा. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांनी स्थिर आकारात सूट दिली होती, म्हणजे हे अशक्य नाही.

आज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला राज्यात मोफत वीज आहे. चांगलं आहे. पण ते पैसे सरकार भरतं, म्हणून करार किती महाग पडला हे शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही. घराच्या, पिठाच्या गिरणीच्या, जिनिंगच्या बिलात दिसतं.

२००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती ऐकणं आयोगाला बंधनकारक आहे. नागपूर, अमरावतीला जनसुनावण्या होतात. तिथे 'दर कमी करा' एवढंच म्हणून परत येऊ नका. लेखी विचारा: गेल्या वर्षी न घेतलेल्या विजेसाठी स्थिर आकार म्हणून किती कोटी दिले, कोणकोणत्या केंद्राला दिले, आणि तेवढी वीज लागेल हा अंदाज कुणी केला होता?