अध्यक्षाचा पक्ष आणि पक्षाचा अध्यक्ष

मित्रहो,

संयोजकांनी या व्याख्यानासाठी मला विषयाऐवजी एक प्रश्नच पाठवला. मुलगा-सून किंवा भाचा-पुतण्या अमेरिकेत असलेल्या बहुतेक मराठी घरांत तो गेली काही वर्षे विचारला जातो आहे. ‘एवढे लोक डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर चिडलेले आहेत, तर त्यांच्याच पक्षातली माणसे त्यांना आवरत का नाहीत?’ ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हापासून या प्रश्नाला आपल्याकडे थोडी घरगुती धारही आली आहे. मला मात्र त्यातला ‘आवरत का नाहीत’ हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. राग येणे समजण्यासारखे आहे, पण हा राग ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, असे का होते याचा आज विचार करू.

प्रथम हा राग किती मोठा आहे ते पाहू. गॅलप संस्थेच्या चाचण्यांनुसार ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांना सरासरी ४१ टक्के लोकांची पसंती होती. या चाचण्या सुरू झाल्यापासून कोणत्याही अध्यक्षाची सरासरी इतकी खाली गेली नव्हती, आणि त्या चार वर्षांत त्यांनी एकदाही पन्नाशी गाठली नाही. दुसऱ्या कारकिर्दीत, जून आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, ‘आम्हाला राजा नको’ अशा घोषणा देत अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले. हे सारे खरे आहे. तरीही सरासरी हा आकडा फसवा असतो, कारण ४१ टक्के पसंती असलेला एकच देश प्रत्यक्षात कुठे अस्तित्वातच नाही. त्याच्या जागी दोन देश आहेत, एकात अध्यक्षांना नावालाही पाठिंबा नाही आणि दुसऱ्यात दहापैकी आठ-नऊ जण त्यांच्या पाठीशी आहेत. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा प्रतिनिधी या दुसऱ्या देशाचा रहिवासी आहे आणि त्याची उमेदवारीही तिथेच ठरते.

हे म्हटले की लगेच रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे उदाहरण पुढे येते. १९७४ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना पायउतार व्हायला लावले, मग आजच्या पक्षात तो ताठपणा का नाही, असे विचारले जाते. हा इतिहास मी जरा सविस्तर सांगतो, कारण तो बहुधा अर्धाच सांगितला जातो.

वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी, जिच्या चौकशीत निक्सन अडकले, ती जून १९७२ मधली आणि निक्सन यांचा राजीनामा ९ ऑगस्ट १९७४ चा. या दोन वर्षांतला बहुतेक काळ रिपब्लिकन पक्ष निक्सन यांच्या मागे उभा होता. ‘अध्यक्षांना काय ठाऊक होते आणि ते त्यांना केव्हा कळले’ हा सिनेटर हॉवर्ड बेकर यांचा प्रश्न आज धाडसाचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण चौकशी सुरू होण्यापूर्वी याच बेकर यांनी निक्सन यांच्याशी खासगीत बोलणे केले होते आणि त्या प्रश्नामागे प्रारंभी अध्यक्षांना वाचवण्याचाच हेतू होता, असे अनेक अभ्यासक मानतात. जुलै १९७४ च्या अखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचा पहिला ठराव २७ विरुद्ध ११ मतांनी संमत केला, तेव्हा समितीतल्या १७ रिपब्लिकन सदस्यांपैकी फक्त सहा जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. विरोधातली सगळीच्या सगळी ११ मते रिपब्लिकन होती. तपासात अडथळा आणण्याचा आदेश निक्सन यांनी स्वतः दिला हे सिद्ध करणारी ध्वनिफीत ५ ऑगस्टला बाहेर आली आणि मगच ही फळी कोसळली.

सात ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते व्हाइट हाउसमध्ये गेले. त्यांनी अध्यक्षांना राजीनामा द्यायला सांगितले ही दंतकथा आहे. राजीनाम्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. सिनेटमध्ये तुमच्या बाजूने पंधराच्या आसपास मते आहेत, एवढाच हिशेब त्यांनी मांडला. तत्त्वाची भाषा नंतरच्या आठवणींत आणि स्मरणलेखांत आली. त्या खोलीत त्या संध्याकाळी फक्त मतमोजणी झाली होती.

आता प्रश्न असा की मते का बदलली? जानेवारी १९७३ मध्ये निक्सन यांची लोकप्रियता ६७ टक्क्यांच्या आसपास होती, ती राजीनाम्याच्या वेळी २४ टक्क्यांवर आली आणि खुद्द रिपब्लिकन मतदारांतलाही जवळपास निम्मा वर्ग त्यांच्यापासून दूर गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड उपाध्यक्ष झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या त्यांच्या जागेसाठी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स भागात पोटनिवडणूक झाली आणि कित्येक दशके रिपब्लिकन असलेली ती जागा डेमोक्रॅट उमेदवाराने जिंकली. राजकारणी माणसाला असा इशारा कळायला पंचांग पाहावे लागत नाही. नोव्हेंबरमध्ये पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ४९ जागा गमावल्या.

याच्या मुळाशी त्या काळच्या मतदाराची एक सवय होती. १९७२ मध्ये निक्सन यांनी पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकली, तरीही त्याच मतदारांनी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती ठेवली. अध्यक्षपदाला एका पक्षाचे आणि सिनेटला दुसऱ्या पक्षाचे मत देणे लोकांना विचित्र वाटत नसे. त्यामुळे रिपब्लिकन सदस्याला आपल्या मतदारसंघात स्वतःच्या नावाची थोडी पुंजी बाळगावी लागे, आणि त्या पुंजीत विरोधी पक्षाच्या मतदारांचाही वाटा असे. त्या मतदाराचा राग त्याला थेट जाणवत होता.

ही सवय हळूहळू मोडत गेली. २०१६ मध्ये ज्या ज्या राज्यात सिनेटची निवडणूक झाली, तिथे सिनेटरही अध्यक्षपदाच्या निकालाच्या पक्षाचाच निवडून आला. असे त्यापूर्वी कधीच घडले नव्हते. २०२० मध्ये मेनच्या सुझन कॉलिन्स हा एकच अपवाद उरला. आजच्या सदस्याकडे स्वतःची पुंजी जवळजवळ नाही. सार्वत्रिक निवडणुकीत त्याची जागा सुरक्षित असते, आणि म्हणूनच त्याची खरी लढाई पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत होते.

आपल्याकडच्या श्रोत्यांनी इथे थोडे सावध राहावे, असे मला वाटते. आपण तुलना पटकन करतो. आपल्या देशात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, आणि तिकीट कापायचे की द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. (हा कायदा असूनही काय काय घडू शकते हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पुरेसे पाहिले आहे, त्यामुळे त्याबद्दल अधिक बोलत नाही.) अमेरिकेत असा कायदा नाही. सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्याची खुर्ची जात नाही आणि पक्षाध्यक्षाला त्याचे तिकीट कापण्याचा अधिकारही नाही. कागदावर पाहिले तर तो आपल्या आमदार-खासदारांपेक्षा कितीतरी मोकळा आहे. पण तिथे तिकीट मतदार कापतात, आणि अध्यक्षाने बोट दाखवले की कापतात. पक्षश्रेष्ठींची समजूत काढता येते, त्यांच्या दारात दोन दिवस बसता येते. हजारो चिडलेल्या मतदारांच्या दारात कुणी कसे बसावे?

वायोमिंगच्या लिझ चेनी यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या कट्टर परंपरावादी होत्या, माजी उपाध्यक्षांच्या कन्या होत्या आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत दहापैकी नऊहून अधिक वेळा त्यांनी त्यांच्या भूमिकेनुसारच मत दिले होते. २०२० च्या प्रायमरीत त्यांना ७३ टक्के मते पडली होती. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांच्या जमावाने संसदभवनावर हल्ला केला, त्याच रात्री आठ सिनेटरांनी आणि प्रतिनिधिगृहातल्या १३९ सदस्यांनी ट्रम्प हरलेल्या निवडणुकीच्या निकालावर आक्षेप घेण्याच्या बाजूने मत दिले, आणि आठवड्याभरात ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाचा ठराव आला. चेनी यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत त्यांना २९ टक्के मते मिळाली. वायोमिंगमधल्या काही डेमोक्रॅट मतदारांनी त्यांना वाचवण्यासाठी आपली नोंदणी ऐन वेळी रिपब्लिकन करून घेतली होती, पण ते पुरेसे नव्हते, आणि पुढच्याच वर्षी राज्याने असा ऐन वेळचा पक्षबदल बंद करणारा कायदा केला. रागावलेला नागरिक आत यायला पाहत होता, तेवढ्यात दाराला कडी घातली गेली.

त्या ठरावाला पाठिंबा देणारे दहा रिपब्लिकन होते. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत हरले, दोघे टिकले. टिकलेले दोघे, डेव्हिड व्हालडाओ आणि डॅन न्यूहाउस, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले आहेत, जिथे प्रायमरी एका पक्षापुरती मर्यादित नसून सर्व मतदारांसाठी खुली असते आणि पहिले दोन उमेदवार पुढे जातात. हा निव्वळ योगायोग नाही, असे माझे मत आहे. मात्र वॉशिंग्टनमधल्या जेमी हेरेरा ब्यूटलर अशा खुल्या प्रायमरीतही पडल्या, हेही सांगितले पाहिजे.

सिनेटमध्ये १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७ सदस्यांनी दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिले. त्यांत सात रिपब्लिकन होते, पण गरज ६७ मतांची होती. पक्षनेते मिच मॅकोनेल यांनी निर्दोष असे मत दिले आणि लगेच उभे राहून हल्ल्याची नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच असल्याचे भाषण केले. एकाच दुपारी मत एक आणि म्हणणे दुसरे. या प्रकाराला ‘निष्ठा’ म्हणणे मला मराठी भाषेवर अन्याय वाटतो. निष्ठेत मनाचा सहभाग असतो. मॅकोनेल यांच्या त्या दुपारीत हिशेब होता, आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांत सरळ भीती होती. प्रतिनिधिगृहातले पक्षनेते केव्हिन मॅकार्थी यांनी १३ जानेवारीला अध्यक्षांवर जबाबदारी येते असे सभागृहात सांगितले आणि महिना संपण्यापूर्वी ते फ्लोरिडात जाऊन ट्रम्प यांना भेटलेही.

अर्थात सगळ्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि चूकही आहे. पक्षाला या अध्यक्षाकडून बरेच काही मिळाले. २०१७ ची करकपात मिळाली, सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती मिळाले, आणि त्या न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा पन्नास वर्षांचा निवाडा रद्द केला, ज्यासाठी पक्षाचा एक मोठा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या झटत होता. शिवाय अनेक सदस्यांना ट्रम्प मनापासून पटतात, हेही आपण मान्य करायला हवे. २०२४ मध्ये त्यांना सुमारे ७ कोटी ७० लाख मते मिळाली. आपल्या माणसाला पाठीशी घालणे ही एका पक्षाची मिरासदारी नाही. १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग सिनेटमध्ये आला, तेव्हा सर्वच्या सर्व ४५ डेमोक्रॅट सिनेटरांनी त्यांना निर्दोष ठरवले. जो बायडन यांच्या वयाबद्दल डेमोक्रॅट नेत्यांनी दीर्घकाळ मौन पाळले, आणि जून २०२४ च्या वादविवादानंतर स्वतःच्या जागा बुडणार असे दिसू लागल्यावरच त्यांना कंठ फुटला. इथेही पुन्हा हिशेबच आला.

जो सदस्य पुन्हा निवडणूक लढवणार नसतो, त्याची जीभ मोकळी होते, हा नियम तर आता इतका पक्का झाला आहे की निरोपाच्या भाषणाशिवाय बाणेदारपणा ऐकायलाच मिळत नाही. ॲरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक २०१७ मध्ये निवडणूक न लढवण्याचे जाहीर करतानाच परखड बोलले. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर टॉम टिलिस यांनी जून २०२५ मध्ये अध्यक्षांच्या मोठ्या करविधेयकाला विरोध केला, अध्यक्षांनी प्रायमरीत प्रतिस्पर्धी उभा करण्याची धमकी दिली, आणि दुसऱ्या दिवशी टिलिस यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगितले.

तरी ही भिंत अभेद्य नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या जेफ्री एपस्टीन प्रकरणाची कागदपत्रे खुली करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात ४२७ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. अध्यक्षांनी कित्येक महिने त्याला विरोध केला होता आणि मतदानाच्या दोन दिवस आधी त्यांनाच माघार घ्यावी लागली. हे कशामुळे झाले? विरोधी पक्षाच्या मोर्चांमुळे नक्कीच नाही. ही मागणी खुद्द रिपब्लिकन प्रायमरीतल्या मतदारांची होती, मार्जरी टेलर ग्रीन यांच्यासारख्या एकेकाळच्या कडव्या समर्थक तिच्यासाठी उभ्या राहिल्या होत्या, आणि सदस्यांना पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी तीच भीती वाटू लागली. ग्रीन यांना मात्र अध्यक्षांकडून ‘देशद्रोही’ हे विशेषण मिळाले आणि त्याच महिन्यात त्यांनी सदस्यत्व सोडत असल्याचे जाहीर केले.

शेवटी अलास्काकडे वळतो. सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या होत्या, तरी मतपत्रिकेवर छापलेले नसलेले त्यांचे नाव मतदारांनी हाताने लिहिले आणि त्या जिंकल्या. (ते आडनाव लिहिताना किती जणांनी कोणती अक्षरे चुकवली यावरून नंतर कोर्टकज्जे झाले.) २०२० मध्ये अलास्काच्या मतदारांनी कायदाच बदलला. प्रायमरी सर्वांसाठी एकच झाली, तिच्यातून चार उमेदवार पुढे जाऊ लागले, आणि अंतिम निवडणुकीत पसंतीक्रमाने मत देता येऊ लागले. मर्कोव्स्की यांनी २०२१ मध्ये ट्रम्प यांना दोषी ठरवले होते, त्यामुळे २०२२ मध्ये ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन महिलेला पाठिंबा दिला. पहिल्या पसंतीत दोघींमध्ये एक टक्काही फरक नव्हता. डेमोक्रॅट उमेदवार बाद झाल्यावर तिच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीची मते मर्कोव्स्की यांच्याकडे आली आणि त्या निवडून आल्या. दोषी ठरवणाऱ्या सातांपैकी त्या वर्षी मतदारांसमोर गेलेल्या त्या एकट्याच होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव अलास्कात मतदानाला आला आणि हजारापेक्षा कमी मतांनी फेटाळला गेला, आणि त्याच दिवशी कोलोरॅडो, नेव्हाडा आणि आयडाहो या राज्यांच्या मतदारांनी अशीच पद्धत आपल्याकडे आणायला नकार दिला.